यमराज चौकात उभा करून झाला, आता पंचनामा लिहिणाऱ्याला शिकवा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. विषय आपल्या रोजच्या रस्त्याचा आहे आणि यात कुठल्याही पक्षाचा प्रचार नाही.

दर जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान येतं. चौकात गदा घेतलेला यमराज उभा राहतो. हेल्मेट घातलेल्याला गुलाबाचं फूल, न घातलेल्याला पावती. शाळेच्या मुलांची रॅली, पाहुण्यांचा सत्कार, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. फेब्रुवारी उजाडला की नाटकातला यमराज मुकुट उतरवून घरी जातो आणि खरा यमराज आपल्या नेहमीच्या ड्यूटीवर हजर होतो.

त्या अभियानाची मला चेष्टा करायची नाही. मुलांना नियम कळलेच पाहिजेत. पण माझा प्रश्न वेगळा आहे. आपण दरवर्षी नागरिकांना शिकवतो. ज्यांच्या हातात रस्ता सुरक्षा आहे, त्यांना कोण शिकवतं? आणि काय शिकवतं?

आधी 'त्यांच्या' म्हणजे कोणाच्या, ते स्पष्ट करतो. आपल्याकडे चौकात भेटेल असा 'रस्ता सुरक्षा अधिकारी' नावाचा एकच माणूस नसतो. ते काम तीन खात्यांत वाटलेलं आहे. एक, पोलीस: वाहतूक शाखेचे अंमलदार आणि अपघाताचा तपास करणारा पोलीस ठाण्यातला अधिकारी. दोन, आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक, जो अपघातग्रस्त गाडी तपासतो. तीन, रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या खात्याचा अभियंता. हे तिघं एका चौकात एकत्र उभे राहून एखादा अपघात समजून घेताना तुम्ही शेवटचे कधी पाहिलेत? मी तरी पाहिलेले नाहीत.

आता आपल्या मानपाड्याकडे येऊ. मानपाडे दोन, हे इथल्यांना सांगायला नको. एक ठाण्याचा, घोडबंदर रोडवरचा, चितळसरला लागून. दुसरा डोंबिवलीचा, जिथे मानपाडा रोड कल्याण-शीळ रस्त्याला जाऊन मिळतो. मी राहतो दुसऱ्या मानपाड्याजवळ आणि कामाला जातो पहिल्याकडे, त्यामुळे दोन्हीकडची धूळ रोज खातो. महापालिका वेगळ्या, आमदार वेगळे. पण दोन्ही मानपाडे एकाच ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात, आणि दोन्हीकडची परिस्थिती जुळ्या भावांसारखी आहे. घोडबंदरवर मेट्रो ४ चं काम, शीळ रस्त्यावर मेट्रो १२ चं. दोन्हीकडे पत्र्याचे बॅरिकेड, रात्री बदलणाऱ्या लेन, डंपर आणि कंटेनरची रांग आणि त्यातून वाट काढणारे दुचाकीवाले. घोडबंदरला तर सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात विलीन करण्याचं काम काढलं, म्हणजे चालणारा माणूस कुठून चालणार हा प्रश्नच नव्याने उभा राहिला. अशा रस्त्यावर काल सुरक्षित असलेली जागा आज धोक्याची होते. तिथे पावती फाडता येणाऱ्या माणसाबरोबर रस्ता वाचता येणारा माणूसही लागतो.

रस्ता वाचणं म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो.

मागच्या एका पावसाळ्यात माझ्या ओळखीतला एक मुलगा रात्री बाईकवरून पडला. ठिकाण आणि पोलीस ठाणं मुद्दाम लिहीत नाही, कारण मुद्दा एका ठाण्याचा नाही. रस्त्याचा अर्धा भाग नवीन थरासाठी खरवडून ठेवलेला होता. खरवडलेला भाग आणि जुना रस्ता यांच्यात चार बोटं उंचीची पायरी होती. बोर्ड नव्हता, दिवा नव्हता. पुढचं चाक पायरीला लागलं आणि गाडी आडवी झाली. पायात रॉड पडला, चार महिने घरी. गुन्हा दाखल झाला तो त्याच्याच नावावर. कागदावरचं वाक्य तुम्ही कुठल्याही एफआयआरमध्ये वाचलं असेल: 'रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून...'

पंचनामा मी स्वतः वाचला. गाडीचा नंबर, रंग, कुठला आरसा फुटला, कुठलं इंडिकेटर तुटलं, सगळं व्यवस्थित होतं. पायरीचा उल्लेख नाही. पायरीची उंची नाही. दिवा चालू होता की बंद, नाही. बोर्ड होता का, नाही. रस्ता ओला होता, तेही नाही. दोन दिवसांत तिथे डांबर पडलं आणि पुरावा रोलरखाली गेला.

'रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून' हे शब्द पुन्हा वाचा. चालकाने दुर्लक्ष केलं की नाही, देव जाणे. पंचनाम्याने मात्र नक्की केलं.

तो पंचनामा लिहिणारा अंमलदार वाईट माणूस नव्हता. त्यानेच मुलाला रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं होतं, घरच्यांना फोन केला होता. त्याला चोरीचा पंचनामा शिकवला होता, मारामारीचा शिकवला होता. अपघाताचा पंचनामा तो आधीच्या अंमलदाराच्या फाईलमधून शिकला. आणि आधीचा त्याच्या आधीच्याच्या. त्यामुळे वाक्य तसंच्या तसं पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलंय.

आता एक साधं गणित बघा. कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागून चाकं लॉक झाली आणि २० मीटर घसरल्याची खूण पडली, तर गाडीचा वेग साधारण ताशी ६० किलोमीटर निघतो. तीच २० मीटरची खूण ओल्या, गुळगुळीत रस्त्यावर असेल, तर वेग निघतो साधारण ४५. ही बारावीच्या फिजिक्सची गोष्ट आहे, त्यासाठी फॉरेन्सिक लॅब लागत नाही. पण त्यासाठी कोणीतरी टेप लावून खूण मोजली पाहिजे आणि रस्ता ओला होता की कोरडा हे लिहिलं पाहिजे. एबीएस असलेली गाडी अशी ठळक खूण सोडत नाही, हेही माहीत पाहिजे, नाहीतर 'ब्रेकच मारला नाही' असा निष्कर्ष निघायचा. त्या एका ओळीवर कोणी दोषी ठरतो, कोणी सुटतो आणि एखाद्या विधवेला नुकसानभरपाई मिळते किंवा मिळत नाही.

आणि हे फक्त एका घराचं नुकसान नाही. हाच कागद वर सरकत सरकत देशाची आकडेवारी बनतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ आणि २०२३ मध्ये १५,३६६. २०२२ च्या मृतांमध्ये ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे आणि १९ टक्क्यांहून जास्त पायी चालणारे. कारण काय? तर ७१ टक्के मृत्यू 'अतिवेग' या रकान्यात.

अतिवेग मारतो, यात शंका नाही. रात्री अकरानंतर घोडबंदरला उभं राहिलात तर कळेल. पण ७१ टक्के हा आकडा कुणी रडारने मोजून काढलेला नाही. तो तपासी अंमलदाराने भरलेल्या रकान्यातून आलाय, आणि तो रकाना आला त्या पाठ केलेल्या वाक्यातून. आयआयटी दिल्लीचे दिवंगत प्राध्यापक दिनेश मोहन यांनी आयुष्य याच विषयात घालवलं. चालकाच्या माथी दोष मारून अपघात कमी होत नाहीत, रस्ता, वाहन आणि वेग यांची रचना बदलावी लागते, हे ते सांगत राहिले. रकाना 'अतिवेग' म्हणाला की उपाय ठरतो कॅमेरा आणि दंड. रकाना 'पायरी, अंधार, बोर्ड नाही' म्हणाला असता, तर उपाय ठरला असता कंत्राटदाराला नोटीस. आजार चुकीचा लिहिला की औषधही चुकीचंच मिळतं.

आता अभियंत्यांच्या बाजूला या. डोंबिवलीकरांना पलावाचा पूल आठवत असेलच. ४ जुलै २०२५ ला उद्घाटन झालं. किती वर्षं वाट बघितली होती लोकांनी! आणि काही तासांत पूल बंद करायची वेळ आली, कारण त्यावर दुचाकी घसरायला लागल्या. त्यावर राजकारण भरपूर झालं, टोमणे, मीम सगळं झालं. पण एक साधा प्रश्न कमी लोकांनी विचारला: उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पावसात एखादा प्रशिक्षित माणूस दुचाकीवरून त्या पुलावर गेला होता का?

हा प्रश्न माझ्या मनचा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या रस्ता सुरक्षा ऑडिटच्या नियमावलीत याला स्वतंत्र पायरीच आहे. आराखडा तयार होताना ऑडिट, काम चालू असताना ऑडिट आणि रस्ता खुला करण्याआधी ऑडिट. ऑडिट म्हणजे इथे हिशेबतपासणी नाही. बांधणाऱ्याशी संबंध नसलेल्या प्रशिक्षित माणसांनी दिवसा आणि रात्री त्या रस्त्यावरून जाऊन कुठे कोण मरू शकतो ते शोधायचं. दुचाकीवाल्याच्या नजरेने बघायचं, पिशवी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या आजीच्या नजरेने बघायचं. सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशात ५ किलोमीटर आणि त्याहून लांब नव्या रस्त्यांचं ऑडिट आराखड्याच्या टप्प्यावरच करायला सांगितलं. त्याच आदेशात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती, राज्यात स्वतंत्र नोडल यंत्रणा, निधी, सगळं आहे.

आणि काम चालू असलेल्या रस्त्यासाठी तर वेगळी मार्गदर्शिका आहे. तिच्यात कामाच्या जागेचे चार भाग सांगितलेत: आधी सूचना देणारा पट्टा, मग वाहनांना हळूहळू दुसऱ्या लेनमध्ये वळवणारा निमुळता पट्टा, मग प्रत्यक्ष कामाची जागा आणि शेवटी पुन्हा मूळ लेनमध्ये आणणारा भाग. आता डोळे मिटून आपला शीळ रस्ता आठवा. सूचना नाही, निमुळता पट्टा नाही, एकदम समोर पत्रा! आणि त्या पत्र्यापुढे झेंडी घेऊन उभा असलेला वॉर्डन, बहुतेक वेळा वीस-बावीस वर्षांचा पोरगा. मी एकाला विचारलं, "काय शिकवलं रे तुला?" तो म्हणाला, "शिट्टी दिली, जॅकेट दिलं, उभा राहा म्हणाले." त्या पोराचा जीवही आपल्यासारखाच टांगणीला.

काही जण म्हणतील, ट्रेनिंग होतंच की! बरोबर आहे, होतं. नाशिकला महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. पुण्यात केंद्रीय परिवहन संस्था आहे, १९६७ पासूनची. नोएडाची महामार्ग अभियंत्यांची राष्ट्रीय अकादमी रस्ता सुरक्षा ऑडिटरसाठी १५ दिवसांचा प्रमाणपत्र कोर्स घेते. अपघातांच्या नोंदीसाठी आयआयटी मद्रास आणि एनआयसीने 'आयरॅड' नावाची प्रणाली बनवली. ती आधी सहा राज्यांत आली, त्यात महाराष्ट्र होता. पोलीस जागेवरून मोबाईलवर नोंद करणार, मग आरटीओला गाडी बघायचा निरोप जाणार, रस्त्याच्या खात्याला जागा बघायचा निरोप जाणार, अशी तिची रचना. कागदावर उत्तम.

मग अडतं कुठे? माझ्या मते तीन ठिकाणी.

पहिलं म्हणजे, शिकवलं जातं ते यंत्र. ई-चलानचं मशीन कसं चालवायचं, ॲपमध्ये कुठलं बटण दाबायचं, श्वासाची चाचणी करणारं यंत्र कसं धरायचं. ते लागतंच. पण ॲपमध्ये 'कारण' या रकान्यासमोर काय भरायचं, हे ठरवायला डोळा लागतो, आणि तो डोळा एका दिवसाच्या पॉवरपॉइंटने येत नाही.

दुसरं म्हणजे बदली. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम २२-एन नुसार उपनिरीक्षक ते निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याचा एका ठाण्यात किंवा शाखेत साधारण कार्यकाळ २ वर्षांचा. अंमलदारांचा एका ठिकाणी ५ वर्षांचा. म्हणजे अधिकारी वाहतूक शाखेत आला, सहा महिने हद्द समजून घेण्यात गेले, मग कधीतरी कोर्सला नंबर लागला, शिकून आला, चार ठिकाणं सुधारायला घेतली, की बदली. शिकलेला माणूस जातो सायबरला किंवा बंदोबस्ताला, आणि त्याच्या खुर्चीवर येणारा पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करतो. ट्रेनिंग माणसाला मिळतं, पदाला मिळत नाही. महापालिकेतल्या अभियंत्यांचंही तेच: आज रस्ते, उद्या पाणीपुरवठा, परवा अतिक्रमण.

तिसरं म्हणजे, तिघांना वेगवेगळं शिकवलं जातं. पोलीस नाशिकला, आरटीओ पुण्याला, अभियंता आणखी कुठे. प्रत्येकाला आपापला भाग कळतो आणि मधला भाग कुणाचाच नाही. पोलिसाला कळतं की इथे चौथा अपघात झालाय, पण वळणाचा उतार चुकीचा आहे हे ओळखता येत नाही. अभियंत्याला उतार ओळखता येतो, पण इथे चार अपघात झालेत हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ब्लॅक स्पॉटची व्याख्या आहे: राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. म्हणजे दहा माणसं जाईपर्यंत थांबायचं का? शिकलेले तीन डोळे एकत्र आले तर दुसऱ्या अपघातालाच कळतं.

आणि हे जमतं, याचा पुरावा आपल्यापासून लांब नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे. तिथे २०१२ पासून संशोधकांची टीम प्रत्यक्ष जागेवर जाऊन अपघातांचा शास्त्रीय अभ्यास करत होती. २०१६ मध्ये त्या रस्त्यावर १५१ जण गेले. त्याच सुमारास सेव्हलाईफ फाउंडेशन, एमएसआरडीसी, महामार्ग पोलीस यांनी मिळून 'झिरो फेटॅलिटी कॉरिडॉर' हाती घेतला. प्रत्येक अपघातात नेमकं कशावर आदळून माणूस गेला, ते शोधलं. उघडे काँक्रीटचे कठडे, दुभाजकातल्या फटी, कडेला बेकायदा उभे ट्रक. एकेक करून ते झाकले, बुजवले, हटवले. पोलिसांना आणि मदत पथकांना त्याच रस्त्यावर शिकवलं. पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. चालक तेच होते, आपलेच, मराठी-गुजराती-पंजाबी, घाईत असलेले. माणसं बदलली नाहीत, रस्त्याकडे बघणाऱ्यांची नजर बदलली.

स्वीडनने १९९७ मध्ये हेच तत्त्व कायद्यात आणलं: माणूस चुका करणारच, त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, आणि हे बघणं रस्ता बनवणाऱ्याचं काम. पण स्वीडनचं सोडा, खंडाळ्याच्या घाटात जे जमलं ते मानपाड्याच्या सपाटीवर का जमू नये?

आता कायद्याचं बघू, कारण 'ही मागणी अवास्तव आहे' असं कोणी म्हणायला नको.

१ एप्रिल २०२२ पासून नवे नियम लागू आहेत. अपघाताची खबर मिळाल्यापासून ४८ तासांत तपासी अधिकाऱ्याने पहिला अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यायचा आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. १५ डिसेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने गोहर मोहम्मद खटल्यात सांगितलं की, प्रत्येक पोलीस ठाण्यात, निदान शहर पातळीवर तरी, या कामासाठी विशेष पथक करा आणि त्यात प्रशिक्षित पोलीस नेमा. 'प्रशिक्षित' हा शब्द माझा नाही, न्यायालयाचा आहे. मुदत दिली होती तीन महिन्यांची.

त्यात आणखी एक गोम आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, अशी तरतूद आली. चांगलं झालं. पण हयगयीने मृत्यू घडवण्याची शिक्षा आहे ५ वर्षांपर्यंत. म्हणजे नेहमीच्या अपघाती मृत्यूला तज्ज्ञ येणं बंधनकारक नाही. तिथे तज्ज्ञ म्हणजे रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेला अंमलदार. त्याला शिकवलं नाही, तर त्या मृत्यूचं शास्त्र कुणीच पाहत नाही.

२०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचारांची योजना आली: ७ दिवस, दीड लाखापर्यंत. तिचा गाडा पोलिसांच्या नोंदीवर चालतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. कल्याणकरांना २०१८ चा पावसाळा आठवत असेल, शिवाजी चौकातला तो व्हिडिओ अजून डोळ्यासमोर येतो. पण मृत्यू खड्ड्यामुळे झाला, हे सिद्ध कशावरून होणार? पुन्हा तोच पंचनामा! त्यात खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली नसेल तर ६ लाखांचा आदेश भिंतीवर लावायचा. आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ ला आलेलं कलम १९८-अ? सदोष रस्ता बांधणाऱ्याला, सल्लागाराला, देखभाल करणाऱ्याला १ लाखापर्यंत दंड. रस्ता सदोष होता हे लिहिणाराच नसेल, तर ते कलम लावणार कोण?

म्हणजे कायदे आले, योजना आल्या, ॲप आलं. सगळ्यांची चावी एकाच माणसाच्या हातात, आणि त्यालाच कोणी नीट शिकवलेलं नाही.

दुसरी बाजू मला माहीत आहे. वाहतूक शाखेत माणसंच कमी आहेत. वीस जणांना कोर्सला पाठवलं तर संध्याकाळी सहाला कापूरबावडीला आणि मानपाडा सर्कलला कोण उभं राहणार? आधीच ही माणसं दहा-बारा तास धुरात उभी असतात, त्यात व्हीआयपी बंदोबस्त, त्यात गणपती, त्यात आपल्यासारख्यांच्या शिव्या. एका निवृत्त हवालदार काकांशी बोललो. ते म्हणाले, "ट्रेनिंग म्हणजे आम्हाला पनिशमेंट वाटायचं. साप्ताहिक सुट्टी जायची, वर खिचडी." हसलो दोघं, पण त्यांचं खरंच आहे.

म्हणून मी म्हणतो, ट्रेनिंग हॉलमध्ये नकोच. रस्त्यावर घ्या. महिन्यातून एक सकाळ, रहदारी कमी असताना, मागच्या महिन्यातल्या एका खऱ्या अपघाताच्या जागेवर. पोलीस, आरटीओ निरीक्षक, अभियंता, १०८ चा डॉक्टर, कंत्राटदाराचा सुपरवायझर. हातात टेप आणि खडू. तीन तास. काय झालं, का झालं, उद्या काय बदलायचं. मुंबई-ठाण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून वाहतूक शिकवणारे प्राध्यापक मिळतील, बोलवलं तर येतीलही. यात चौक मोकळा सोडावा लागत नाही आणि मोठं टेंडरही काढावं लागत नाही.

'लोकच नियम पाळत नाहीत, पोलिसांना शिकवून काय होणार?' हेही ऐकतो. उलट्या दिशेने येणारे, तिघं बसलेले, कानाला फोन लावलेले, सगळे आपलेच आहेत, मान्य. त्यांना दंड झालाच पाहिजे. पण लोक उलट्या दिशेने का येतात, हेही शिकलेला माणूसच बघतो. यू-टर्न दीड किलोमीटरवर नेऊन ठेवला की माणूस उलटा येणारच. तिथे रोज पावत्या फाडणं सोपं, कट कुठे हवा ते सांगणं कठीण. ते कठीण काम करणारा माणूस आपल्याला हवाय.

माझ्या मागण्या पाचच आहेत. पोलीस आयुक्त, दोन्ही महापालिकांचे आयुक्त आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समिती, या तिघांसाठी:

१. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं प्रशिक्षित पथक ठाणे आयुक्तालयात कुठल्या ठाण्यात आहे, किती जणांचं आहे आणि त्यांना काय शिकवलं, हे जाहीर करा.

२. ट्रेनिंग पदाला जोडा. वाहतूक शाखेत किंवा अपघात तपासावर येणाऱ्याने चार्ज घेण्याआधी किंवा पहिल्या महिन्यात ते पूर्ण केलंच पाहिजे. जाणाऱ्याने येणाऱ्याला हद्दीतल्या धोक्याच्या जागा प्रत्यक्ष फिरून दाखवायच्या, आणि त्याची नोंद ठेवायची.

३. प्रत्येक जीवघेण्या अपघातानंतर तीन दिवसांच्या आत तिन्ही खात्यांची एकत्र पाहणी. जागेवर डांबर टाकण्याआधी फोटो आणि मापं. पाहणीचं एक पान महापालिकेच्या संकेतस्थळावर, मृताचं नाव न देता.

४. मेट्रो, पूल, रस्ता, कुठल्याही कामावरचा सुपरवायझर आणि वॉर्डन शिकवलेलाच असला पाहिजे. नसेल तर त्या महिन्याचं बिल अडवा. बिल अडलं की ट्रेनिंग कसं आपोआप होतं ते बघा.

५. किती जणांना प्रमाणपत्रं वाटली हे सांगू नका. ज्या चौकात शिकवलं, त्या चौकात वर्षभराने काय बदललं ते सांगा.

आणि आपण काय करायचं? देव न करो, पण कुणाचा अपघात झालाच तर जखमीला आधी हॉस्पिटलला न्या. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, घाबरू नका. मग कोणीतरी एकाने जागेचे फोटो काढा: खड्डा, पायरी, बंद दिवा, नसलेला बोर्ड. शेजारी पट्टी नसेल तर चप्पल ठेवा, माप कळतं. पंचनाम्याला पंच म्हणून बोलावलं तर टाळू नका, आणि सही करायच्या आधी वाचा. रस्त्याबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर नम्रपणे म्हणा, "साहेब, हेही लिहा." बहुतेक अंमलदार लिहितात. त्यांनाही कुणीतरी सांगायला हवं असतं. घरच्यांनी ९० दिवसांच्या सविस्तर अहवालाची चौकशी करायची, तो मागायचा.

मी स्वतः पहिल्या मागणीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज तयार केलाय, या आठवड्यात टाकतोय. उत्तर आलं की इथेच पोस्ट करेन, जसं येईल तसं. ज्यांना आपापल्या हद्दीसाठी अर्ज करायचा आहे त्यांनी कमेंटमध्ये 'अर्ज' लिहा, मसुदा पाठवतो. सोसायटीच्या ग्रुपवर फिरवा, नगरसेवकाला टॅग करा, पण कृपा करून चौकातल्या हवालदाराशी भांडू नका. त्याची बाजू घेऊनच ही पोस्ट लिहिली आहे.

येत्या जानेवारीत यमराज पुन्हा येईल. त्याच्या शेजारी टेप आणि खडू घेतलेले तीन अधिकारी उभे दिसले, तर गुलाबाचं फूल मी विकत आणेन.